अध्यापनाची नोंद कोठे होते?

काही वर्षांपूर्वी महाविद्यालयीन अध्यापकांच्या पदोन्नतीच्या, म्हणजे प्राध्यापकांच्या बोलीत ‘कॅस’च्या, प्रस्तावांची छाननी करणाऱ्या एका समितीवर विषयतज्ज्ञ म्हणून मला बोलावणे आले. टेबलावर आठ-दहा फाइली होत्या. त्यांतील एक फाइल महाड-पोलादपूर परिसरात मराठी शिकवणाऱ्या एका बाईंची होती. फाइल बारीक होती. शोधनिबंध मोजके, पुस्तक एक, चर्चासत्रांची प्रमाणपत्रे थोडी. ‘अध्यापन’ या शीर्षकाखाली एकच आकडा होता: नेमून दिलेल्या तासिकांपैकी प्रत्यक्ष घेतलेल्या तासिकांचे शेकडा प्रमाण. ते नव्वदीच्या पुढे होते, म्हणून त्यापुढे ‘चांगले’ असा शेरा होता. शेजारच्या जाडजूड फाइलीतही तोच शेरा होता. त्या गृहस्थांच्या तासाला मुले वर्गाबाहेर का उभी असतात, हे समितीतील निदान दोघांना ठाऊक होते. बाईंचे संशोधनाचे गुण कमी भरले, म्हणून त्यांचा प्रस्ताव परत गेला आणि त्या गृहस्थांचा मंजूर झाला. दोन्ही कागदांवर माझीही सही आहे.

माझी अडचण एवढीच होती की, बाईंचा वर्ग मी पाहिलेला होता.

एका कामानिमित्त मी त्यांच्या महाविद्यालयात गेलो होतो. वेळ मोकळा होता म्हणून त्यांच्या परवानगीने प्रथम वर्षाच्या वर्गात मागच्या बाकावर जाऊन बसलो. पावसाळ्याचे दिवस होते. पोलादपूरच्या डोंगरातील वाड्यांवरून येणाऱ्या मुलांची एसटी उशिरा आली होती आणि ती ओल्या छत्र्या भिंतीला टेकवून एकेक करून आत येत होती. चवदार तळ्याच्या सत्याग्रहाविषयीचा एक उतारा एक मुलगा मोठ्याने वाचत होता. वाचताना तो प्रत्येक वेळी ‘पाणी’ऐवजी ‘पानी’ म्हणे. तिसऱ्यांदा तसे झाल्यावर महाड बाजारपेठेतील दोन-तीन मुले हसली. मुलगा थांबला.

बाईंनी हसणाऱ्यांना रागावण्यात वेळ घालवला नाही आणि वाचणाऱ्याचा उच्चारही सुधारला नाही. त्या फळ्याकडे वळल्या आणि त्यांनी ‘विहीर’, ‘वीस’, ‘विस्तव’, ‘विंचू’ असे चार शब्द लिहिले. “तुमच्या आजीच्या तोंडी हे शब्द कसे येतात, तसे सांगा,” असे त्या म्हणाल्या. आधी कोणी बोलेना. मग मागून आवाज आला, “इहीर.” त्यापाठोपाठ ‘ईस’, ‘इस्तव’, ‘इंचू’ हेही आले. बाईंनी ते शब्द शेजारी लिहिले आणि विचारले, “मग ‘वारा’ला तुम्ही ‘आरा’ म्हणता का? ‘वाट’ला ‘आट’?” वर्ग पुन्हा हसला, पण हे हसणे निराळे होते. नाही, तसे कोणीच म्हणत नाही. मग व कोठे जातो आणि कोठे राहतो? पाचेक मिनिटांच्या झटापटीनंतर मुलांनीच नियम काढला: शब्दाच्या आरंभी व असेल आणि त्यापुढे इ किंवा ई असेल, तर व गळतो. एका मुलीने आक्षेप घेतला की, तिच्या घरी ‘वेळ’ला ‘येळ’ म्हणतात. बाईंनी ‘ए’साठी वेगळी ओळ केली. अशुद्ध म्हणून ज्या बोलीला हसणे चालले होते तिला नियम आहेत, हे कोणी न सांगताच फळ्यावर उभे राहिले होते.

त्यानंतर त्या ‘पानी’कडे आल्या. संस्कृत ‘पानीय’, प्राकृत ‘पाणिअ’, मराठी ‘पाणी’ अशी परंपरा त्यांनी लिहिली. ती पाहताच वाचणारा मुलगा सरसावून म्हणाला, “मॅडम, म्हणजे आमचंच बरोबर. संस्कृतात न आहे, आमच्यातही न आहे.” माझ्या मते त्या तासाची खरी कसोटी येथे होती. नुकतीच दुखावलेली एक मान वर आली होती. हे उत्तर मान्य करून टाळी मिळवणे अगदी सोपे होते. बाईंनी ते मान्य केले नाही. त्यांनी विचारले, “‘कारण’ला घरी काय म्हणता?” तो म्हणाला, “कारन.” “आणि ‘गुण’?” “गुन.” “या दोन्ही शब्दांत संस्कृतात काय आहे?” मुलगा थोडा वेळ फळ्याकडे पाहत राहिला आणि म्हणाला, “ण आहे. म्हणजे आमच्यात सगळ्याच ण चा न होतो.” मग स्वतःच पुढे म्हणाला, “संस्कृताचा संबंध नाही.” बाई म्हणाल्या, “हा तुझा नियम. वहीत लिही, खाली तुझे नाव घाल.”

गेली पंचवीस-तीस वर्षे मी भाषाविज्ञान शिकवतो. स्वनपरिवर्तनाचा नियम हा उदाहरणांच्या बरोबरीने प्रतिउदाहरणांवर तपासावा लागतो, ही गोष्ट पदव्युत्तर वर्गात समजावताना माझी दमछाक होते. येथे ती प्रथम वर्षाच्या वर्गात, पाऊण तासात, एका मुलाने स्वतः हाताळली होती. शिवाय त्याला खोटा दिलासा न देता त्याची लाज काढून घेतली गेली होती. हे दुहेरी काम मला आजही नेमके जमते असे मी म्हणणार नाही.

हा तास बाईंच्या फाइलीत कोठे नोंदवला जातो? विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांत अध्यापनाचे मोजमाप सरळ आहे. घेतलेल्या तासिकांना नेमून दिलेल्या तासिकांनी भागायचे आणि शंभराने गुणायचे. ८० टक्के वा त्याहून अधिक भरले तर ‘चांगले’, ७० ते ८० च्या दरम्यान असेल तर ‘समाधानकारक’, त्याखाली ‘असमाधानकारक’. वर वर्णन केलेला तास या हिशेबात एक तासिका ठरतो. त्याच दिवशी कोणी पिवळ्या पडलेल्या वहीतून टिपणे उतरवून दिली असतील, तर तीही एक तासिकाच. संशोधनाच्या बाजूला मात्र हिशेब बारकाईचा आहे. भाषा आणि मानव्यविद्यांतील मान्यताप्राप्त नियतकालिकातील शोधनिबंधाला १० गुण, राष्ट्रीय प्रकाशकाने काढलेल्या ग्रंथाला १० गुण, ग्रंथातील एका प्रकरणाला ५ गुण. महाविद्यालयात सहयोगी प्राध्यापकाचा प्राध्यापक व्हायचे तर असे ११० गुण लागतात. त्यापूर्वीच्या, २०१० च्या विनियमांत अध्यापनालाही गुण देण्याचा प्रयत्न होता, पण तेथेही बहुतेक आकडे अध्यापकाने स्वतःच भरायचे असत. त्या तक्त्यांच्या काळात मी कुशल अध्यापकांना कोष्टके भरण्यात कुशल होताना पाहिले आहे.

संशोधन मोजू नये, असे माझे म्हणणे नाही. संशोधन थांबलेला अध्यापक काही वर्षांनी वर्गातही थांबतो, हे मी जवळून पाहिले आहे. आक्षेप एवढाच आहे की, ज्या व्यवस्थेत एका कामाची नोंद सविस्तर होते आणि दुसऱ्याची केवळ हजेरीपुरती, तेथे तरुण अध्यापक आपला वेळ कोठे घालवील हे सांगायला भविष्यवेत्ता लागत नाही. अमेरिकेत अर्नेस्ट बॉयर यांनी १९९० मध्येच अध्यापन हेही विद्वत्तेचे एक रूप मानावे, अशी भूमिका मांडली होती. तिचा उल्लेख आपल्याकडील अनेक अहवालांत होतो. तक्त्यात मात्र तिला रकाना मिळालेला नाही.

उत्तम अध्यापन ओळखायचे कोणी, हा प्रश्न महाडच्या वाचकाला अगदी परका वाटू नये. डॉ. बाबासाहेब आंबेडकर नोव्हेंबर १९१८ मध्ये मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले आणि १९२० च्या मार्चपर्यंत तेथे होते. धनंजय कीर यांच्या चरित्रग्रंथातील या काळाविषयीच्या दोन नोंदी एकमेकींशेजारी ठेवून वाचाव्यात. पहिली अशी की, आरंभी विद्यार्थ्यांनी या नव्या प्राध्यापकाला फारसे मनावर घेतले नाही, परंतु त्यांची तयारी आणि मांडणी पाहून ते एकाग्र होऊ लागले, आणि पुढे इतर महाविद्यालयांतील विद्यार्थीही परवानगी काढून त्यांच्या व्याख्यानांना येऊन बसू लागले. दुसरी नोंद अशी की, प्राध्यापकांसाठी ठेवलेल्या भांड्यातील पाणी त्यांनी पिण्यास काही सहकाऱ्यांनी हरकत घेतली. वर्गातील मुलांना दिसत असलेला अध्यापक त्या सहकाऱ्यांना दिसत नव्हता. त्यानंतर सात वर्षांनी, २० मार्च १९२७ रोजी, हेच प्राध्यापक चवदार तळ्याच्या काठी उभे होते. पुढे १९३५ मध्ये ते मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयाचे प्राचार्य झाले, १९४५ मध्ये त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली आणि त्याच संस्थेचे महाविद्यालय १९६१ मध्ये महाडला सुरू झाले. आंबेडकरांच्या थोरवीपुढे त्यांचे अध्यापन ही बारीकशी बाब वाटते, त्यामुळे सिडनहॅममधील त्या भरलेल्या वर्गाचा उल्लेख आपण घाईने करून पुढे जातो.

यावरून कोणी म्हणेल की, मग विद्यार्थ्यांनाच विचारावे. आजकाल तसे विचारले जातेच. सत्राच्या अखेरीस प्रतिसाद-अर्ज भरून घेतले जातात आणि राष्ट्रीय मूल्यांकन व अधिस्वीकृती परिषदेच्या, म्हणजे ‘नॅक’च्या, प्रक्रियेतही विद्यार्थ्यांच्या समाधानाचे सर्वेक्षण असते. यात तथ्य आहे, पण एक खोच आहे. स्कॉट कॅरेल आणि जेम्स वेस्ट या अर्थशास्त्रज्ञांनी २०१० मध्ये अमेरिकेच्या हवाई दल अकादमीतील दहा हजारांहून अधिक विद्यार्थ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. तेथे विद्यार्थ्यांना प्राध्यापक निवडता येत नाही, वर्ग यदृच्छेने वाटले जातात आणि परीक्षा सर्वांना एकच असते. म्हणून ती जागा अशा अभ्यासाला फार सोयीची. निष्कर्ष असा निघाला की, ज्या प्राध्यापकांच्या विद्यार्थ्यांना त्या अभ्यासक्रमात अधिक गुण मिळाले, त्यांना विद्यार्थ्यांनी चांगला अभिप्राय दिला. परंतु त्याच विषयाच्या पुढच्या, अधिक कठीण अभ्यासक्रमात हे विद्यार्थी मागे पडले. अनुभवी प्राध्यापकांच्या हाताखाली आधी कमी गुण मिळवणारे पुढे सरस ठरले, आणि आरंभी त्यांनी आपल्या प्राध्यापकांना फारसा चांगला शेरा दिलेला नव्हता.

बाईंच्या वर्गातील त्या मुलाला तास संपल्यावर लगेच अर्ज दिला असता, तर त्याने काय लिहिले असते? कदाचित हेच की, माझे उत्तर बाईंनी स्वीकारले नाही. अभिप्रायाची वेळ चुकली, म्हणजे अभिप्रायही चुकतो. माझे स्वतःचे एक प्राध्यापक अतिशय रूक्ष शिकवीत. त्यांच्याविषयी वर्गात आम्ही काय काय बोलत असू, ते येथे लिहिण्यासारखे नाही. त्यांनी माझ्या निबंधाच्या समासात लाल शाईने विचारलेले प्रश्न मला समजले तेव्हा मी स्वतः शिकवू लागलो होतो.

या पुस्तिकेचे वाचक याबाबतीत सर्वसाधारण महाविद्यालयीन विद्यार्थ्यांहून वेगळे आहेत, हे येथे नमूद केले पाहिजे. महाडच्या औद्योगिक वसाहतीत रात्रपाळी करून रविवारी संपर्कसत्राला येणारा कामगार, अंगणवाडीचे काम सांभाळून स्वाध्याय लिहिणारी सेविका, मुले मोठी झाल्यावर पुन्हा पुस्तक हाती घेतलेली गृहिणी, यांनी आपला एक दिवस मोजून दिलेला असतो. वेळ फुकट गेल्याचे त्यांना अठरा वर्षांच्या मुलाहून लवकर कळते. १९८९ मध्ये स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाने ‘समंत्रक’ हा शब्द रूढ केला, त्यात अध्यापकाची एक वेगळी कल्पना आहे: पाठ्यपुस्तक स्वतः बोलते, समंत्रक ते वाचकाशी जुळवून देतो. हे जुळवून देणे किती अवघड असते ते आपण अनुभवले असेल, किंवा त्याचा अभाव अनुभवला असेल. आपल्या स्वाध्यायावर केवळ गुण लिहून आले, की समासात एखादा प्रश्नही आला, हे आपल्या लक्षात राहते. हे लक्षात राहणे कोणी टिपून घेत नाही.

पुरस्कार मात्र आपल्याकडे पुष्कळ आहेत. शिक्षकांचे राष्ट्रीय पुरस्कार १९५८ पासून दिले जात असून ते दीर्घकाळ शालेय शिक्षकांपुरतेच होते. २०२३ मध्ये त्यांत उच्च शिक्षणाचा समावेश झाला आणि त्या वर्षीच्या ७५ मानकऱ्यांपैकी १३ उच्च शिक्षणातील होते. ही चांगली सुरुवात आहे. परंतु शाल, श्रीफळ आणि मानचिन्हाच्या स्थानिक समारंभांविषयी मला तेवढ्या आदराने लिहिता येत नाही. त्यांतील कित्येकांसाठी अध्यापकाने स्वतःच अर्ज करावयाचा असतो. छायाचित्रे, कात्रणे आणि प्रमाणपत्रे जोडून आपण किती उत्कृष्ट आहोत ते आपणच सिद्ध करावयाचे. ज्याला हे लिहिताना संकोच वाटत नाही त्याची निवड होण्याची शक्यता अधिक. बाईंनी असा अर्ज कधी केला नाही. का, असे मी विचारले तेव्हा त्या म्हणाल्या की, तेवढ्या वेळात तीस वह्या तपासून होतात.

मग काय करावे? माझ्या मते पहिली गोष्ट ही की, अध्यापनाचे मूल्यमापन करणाऱ्याने वर्गात बसावे. हे इतके उघड आहे की, ते लिहिताना थोडे विचित्र वाटते. शोधनिबंध न वाचता त्याला गुण देणे आपल्याला गैर वाटते, पण वर्ग न पाहता अध्यापनाला ‘चांगले’ म्हणण्यात काही वावगे वाटत नाही. बसणारा त्याच महाविद्यालयातील नसावा. तेथे मैत्री असते, हेवा असतो आणि विभागप्रमुखपदाचा हिशेब असतो. महाडच्या अध्यापकाने पोलादपूरला जावे, पोलादपूरच्या अध्यापकाने माणगावला. अंतर फार नाही, एसटीने सकाळी निघून दुपारी परतता येते. वर्षातून दोनदा पुरे. तपासणीचा बडेजाव नको. बसणाऱ्याने तासानंतर अर्धा तास चहा घेत बोलावे आणि मग एक पानभर लिहावे. प्रश्नपत्रिका पाहाव्यात, तपासलेल्या चार-सहा वह्या चाळाव्यात. अध्यापक किती शिकवतो याहून तो काय विचारतो आणि चुकलेल्या उत्तराचे काय करतो, यांतून त्याची ओळख पटते.

यावर अध्यापकांचा आक्षेप येईल आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. वर्ग ही अध्यापकाची अखेरची मोकळी जागा आहे, तेथे परक्याला बसवले की तीही जाईल. माझ्या वर्गात प्रथमच एक ज्येष्ठ प्राध्यापक येऊन बसले, तेव्हा मी त्या तासाला नेहमीपेक्षा दुप्पट पारिभाषिक संज्ञा वापरल्या आणि विद्यार्थ्यांना काहीही कळले नाही. म्हणून एका भेटीवरून मत बनवू नये आणि वाईट अभिप्रायाचा उपयोग शिक्षेसाठी करू नये. भीती आली की सारेच अध्यापक ठरीव, सुरक्षित तास घेऊ लागतील.

दुसरी गोष्ट, विद्यार्थ्यांना विचारावे, पण उशिरा. पदवी मिळून तीन-चार वर्षे झाल्यावर माजी विद्यार्थ्यांना एकच प्रश्न विचारावा: कोणाच्या वर्गातली कोणती गोष्ट तुम्ही आजही वापरता? नाव आठवले तरी पुरेसे नाही, गोष्ट आठवली पाहिजे.

बक्षिसाविषयी माझे मत थोडे व्यवहारी आहे. उत्तम शिकवणाऱ्याला सर्वाधिक उणीव भासते ती वेळेची. साहाय्यक प्राध्यापकावर आठवड्याला १६ तासांचा अध्यापनभार असतो. त्याशिवाय परीक्षा, प्रवेश, ‘नॅक’च्या फाइली आणि निरनिराळे दिन साजरे करणे आहेच. ज्याचे अध्यापन उत्कृष्ट ठरले त्याला एका सत्रापुरते दोन-चार तास कमी द्यावेत आणि त्या वेळात त्याने नव्या अध्यापकांना हाताशी धरावे. असे शिकवणे पदोन्नतीच्या गुणांतही संशोधनाच्या शेजारी मोजले जावे.

ज्यांच्याकडे पदोन्नतीची फाइलच नाही त्यांचा प्रश्न याहून मोठा आहे. महाराष्ट्रातील अनेक महाविद्यालयांत निम्मा विभाग तासिका तत्त्वावरील अध्यापकांच्या आधाराने चालतो. त्यांना वर्गात उभे राहिलेल्या तासांचे मानधन मिळते. तयारीचे, वह्या तपासण्याचे, फोनवर शंका सोडवण्याचे मिळत नाही, सुट्टीचेही नाही. जुलै २०२१ मध्ये महाड पुराच्या पाण्याखाली गेले आणि तळियेवर दरड कोसळली, तेव्हा वर्ग ऑनलाइनच चालू होते. फोन भिजलेले, नेटवर्क गेलेले. अशा वेळी तासिका तत्त्वावरील एका तरुण अध्यापकाने आपल्या वर्गातील प्रत्येक मुलाचा ठावठिकाणा गावोगावच्या ओळखीच्यांमार्फत लावला होता, हे मला त्याच्या विद्यार्थ्यांकडून समजले. त्या महिन्यात त्याच्या तासिका भरल्या नाहीत, म्हणून मानधनही झाले नाही. उत्कृष्टतेचा गौरव करायचाच असेल, तर अशा माणसाला आधी नेमणूक मिळाली पाहिजे. मानपत्र नंतर दिले तरी चालेल.

आरंभीच्या फाइलीचे पुढे काय झाले ते सांगायचे राहिले. शेऱ्यासाठी तक्त्यात दोन ओळींची जागा होती. मी एका स्वतंत्र कागदावर ‘पानी’च्या तासाचे वर्णन लिहून तो जोडला होता. प्रस्ताव परत जाताना तो कागद विहित नमुन्यात बसत नसल्यामुळे काढून ठेवला गेला, असे मला नंतर कळले. त्याची प्रत माझ्याजवळ होती, ती मी बाईंना पाठवली. दोन वर्षांनी आवश्यक शोधनिबंध पूर्ण झाल्यावर त्यांची पदोन्नती झाली. त्यांतील एक निबंध महाड-पोलादपूरच्या बोलीतील आद्य व-लोपाविषयी आहे. त्याच्या ऋणनिर्देशात प्रथम वर्षाच्या अकरा विद्यार्थ्यांची नावे आहेत आणि ‘कारन’चा नियम काढणाऱ्या त्या मुलाचे नाव त्यांत पहिले आहे.